एस्तेरबाईंचा चष्मा

माणूस गेलं की शाळेत शोकसभा होते. दोन मिनिटं उभं राहायचं, हेडमास्तरांनी "कधीही न भरून येणारी हानी" म्हणायचं, मग अर्धी सुट्टी. पण खरी शोकसभा भरते ती नंतर, स्टाफरूममध्ये, चहा आल्यावर. कोणीतरी म्हणतं, "अन् ते आठवते का, ते...?" की झालं सुरू! एक किस्सा दुसऱ्याला ओढून आणतो, दुसरा तिसऱ्याला. एस्तेरबाईंच्या वेळी चहा तीनदा मागवावा लागला. शेवटी चहा आणणारा शिपाईच खुर्ची ओढून बसला, कारण त्याच्याकडचेही दोन सांगायचे राहिले होते.

एस्तेरबाई आमच्या शाळेत मराठी शिकवायच्या. शाळा मिशनची, मारेगावपासून थोडी आत, पाचवी ते दहावी. बाईंचे यजमान गावातल्या लुथरन मंडळीचे पाळक. शाळेच्या मैदानाला लागून चर्च, चर्चला लागून त्यांचं कौलारू घर. गाव बाईंना पाळकीणबाई म्हणायचं, पोरं नुसतं बाई. मी त्याच शाळेत पंचवीस वर्षं गणित शिकवलं.

हे सगळे किस्से कापसाच्या वाईट वर्षांतले. तेव्हा बोंडं झाडावरच काळी पडायची, आणि अधूनमधून कुठल्यातरी वर्गातला एखादा पोरगा डोकं भादरून शाळेत यायचा. म्हणजे त्याचा बाप गेलेला असायचा. त्यामुळे हे सांगता सांगता मी मधेच गप्प झालो तर समजून घ्या.

*

मी रुजू झालो त्या आठवड्यात आठवी 'ब'च्या व्हरांड्यातून चाललो होतो. आतून बाईंचा आवाज आला.

"अंकुश?"

"शिळी भाकर अन् ठेचा."

"इरफान?"

"चहा-टोस्ट, बाई!"

"वंदना?"

"रातचा भात. फोडणी देऊन."

मला वाटलं, आरोग्यशास्त्राचा तास असेल. आमचे हेडमास्तर गावंडे सर म्हणाले, "नाही हो, ती हजेरी आहे!"

पोरांनी 'हजर' म्हणायचं नाही. सकाळी काय खाल्लं ते सांगायचं. नियम दोनच. खरं सांगायचं, आणि कोणाच्या उत्तराला हसायचं नाही. पहिलं नाव बाई स्वतःचं घ्यायच्या. "एस्तेरबाई. दोन पोळ्या, आंब्याचं लोणचं." मग पोरांची.

सरकारची खिचडी तेव्हा पाचवीपर्यंतच्या पोरांना मिळायची. आठवीच्या पोराला भूकच लागत नाही, असा बहुतेक हिशेब असावा.

मी त्या वेळी फार कडक होतो. दुसरा तास माझा, आणि बाईंची हजेरी रोज दहा मिनिटं त्यात घुसायची. एकदा मी तोंडावर म्हणालो, "बाई, 'हजर' म्हटलं तर दोन मिनिटांत होते."

बाई म्हणाल्या, "हजर तर बाकडंही असते, सर."

दहा मिनिटं मात्र रोज जायचीच.

*

एकदा बाईंनी स्वतःचं नाव घेतलं आणि म्हणाल्या, "एस्तेरबाई. काही नाही."

अंकुशनं हात वर केला. "काहून, बाई?"

आता खरं सांगायचा नियम बाईंचाच! त्यांनी खडू खाली ठेवला. "पाळकसाहेबांसंगं भांडण झालं. मी रागानं जेवली नाही."

हसायचं नाही हाही नियम होता. पोरांनी ओठ दाबले, दप्तरात तोंडं घातली. मग मागच्या बाकावरून एक जण फुटला, त्याच्यामागे सगळा वर्ग, आणि शेवटी बाई. माझ्या तासातली त्या दिवशी वीस मिनिटं गेली.

मधल्या सुट्टीत अंकुश दोघांना घेऊन थेट पाळकसाहेबांच्या दारात गेला. "पाळकसाहेब, बाई उपाशी हायेत. तुमच्यापायी आमच्या वर्गाचा नियम मोडला."

पाळकसाहेब म्हणजे सहा फूट उंच, धिप्पाड माणूस, आवाज घोगरा. ते स्टीलचा डबा घेऊन मैदान ओलांडून आले, आठवी 'ब'च्या खिडकीशी वाकले आणि सगळ्या पोरांसमोर म्हणाले, "चुकलो."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या रविवारी पाळकसाहेबांनी चर्चमध्ये क्षमेवर उपदेश केला, आणि पहिल्या बाकावर बसलेल्या बाई सगळा वेळ मान हलवत होत्या म्हणे! भांडण कशावरून होतं ते शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही.

*

मी तेव्हा सडाफटिंग होतो. गावात एक खोली, एक स्टोव्ह, आणि स्टोव्हला पिन मारायचा कंटाळा. सकाळी टपरीवर चहा घेऊन शाळेत यायचो. एके दिवशी स्टाफरूममध्ये बाईंनी विचारलं, "सर, आज काय खाल्लं?"

"झालं ना," मी म्हणालो. "वरण-भात-पोळी."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, तुमचा हा तास ऑफ आहे ना? जरा घरून माझा चष्मा आणता का?"

"बाई, चष्मा तुमच्या नाकावर आहे!"

स्टाफरूममध्ये सगळ्यांनी एकदम वह्या तपासायला घेतल्या.

"दुसरा," बाई म्हणाल्या.

मी गेलो. पाळकसाहेबांनी दार उघडलं, मला वरून खाली पाहिलं आणि आत पाट मांडला. "बसा."

"नाही, मी चष्मा न्यायला..."

"हो हो, चष्मा. आधी बसा."

गरम पोळ्या आणि वांग्याची भाजी. पाळकसाहेब स्वतः लाटत होते, स्वतः शेकत होते. मी पाच पोळ्या खाल्ल्या. आई गेल्यानंतर कोणी मला बसवून वाढलं नव्हतं, आणि तिसऱ्या पोळीला माझे डोळे भरून आले, हे मी स्टाफरूममध्ये कधी सांगितलं नाही, इथे सांगतो. निघताना विचारलं, "आणि चष्मा?"

"तो तिच्याच नाकावर असते," पाळकसाहेब म्हणाले.

मग कळलं. ज्या पोराचं पोट रिकामं, त्याला बाई चष्मा आणायला पाठवायच्या. वर्गाला वाटायचं बाई विसरभोळ्या आहेत. घरी पाळकसाहेब कोण, कशाला, काहून, काही विचारायचे नाहीत. चष्मा मागायला आलेल्याला जेवू घालायचं, एवढंच ठरलेलं.

"पण मी खोटं बोललो ते तुम्हाला कसं कळलं?" मी बाईंना विचारलं.

"जेवलेला माणूस एकच वस्तू सांगते, सर. भाकर नाही तर भात. एका दमात तीन वस्तू सांगितल्या, की समजायचं पोटात काही नाही." मग हसून म्हणाल्या, "अन् वरण-भात-पोळी तर हमखास!"

दुसऱ्या तासाची दहा मिनिटं मी त्या दिवसापासून सोडून दिली.

*

आता यात घोटाळा एकच होऊ शकत होता. बाई खरंच चष्मा विसरल्या तर?

झालंच तसं. तपासणीला वरून एक साहेब आले होते. पोट सुटलेले, कपाळाला आठ्या. आल्या आल्या ते म्हणाले, "मराठीचा तास बघणार." आणि नेमका त्या दिवशी बाईंचा चष्मा घरी राहिला. त्यांना पुस्तकातली ओळ दिसेना.

साहेब म्हणाले, "मला तसंही चर्च बघायचं आहे. घर बाजूलाच ना? मी घेऊन येतो चष्मा." अधिकाऱ्याला नाही कोण म्हणणार!

पाळकसाहेबांनी दार उघडलं. समोर सफारी घातलेला, चांगला खात्यापित्या घरचा माणूस. "बाईंचा चष्मा द्या." पाळकसाहेब क्षणभर चक्रावले असणार. पण आलेल्याला विचारायचं नाही, हे ठरलेलं. त्यांनी पाट मांडला.

इकडे आम्ही सगळे व्हरांड्यात. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, तास बुडाला. पाऊण तासानं साहेब मैदान ओलांडून आले. चाल मंद, कपाळावरच्या आठ्या गायब. त्यांनी शेऱ्याच्या वहीत लिहिलं, 'शाळेचे वातावरण अत्यंत आपुलकीचे आहे.' आणि जीपमध्ये बसताना गावंडे सरांना हळूच म्हणाले, "पाळकसाहेब फार प्रेमळ आहेत हो. भाकरी तर काय सुरेख! चष्मा मात्र काही दिला नाही त्यांनी."

*

दिवाळीनंतर वेचणी लागली की अर्धा वर्ग वावरात. बाईंचा राग तेव्हा बघण्यासारखा असायचा. पाळकसाहेबांच्या लुनावर मागे बसून त्या वावरावावरांतून पोरं गोळा करत फिरायच्या. सहा फुटांचा माणूस, मागे पदर खोचलेल्या बाई, आणि चढावर लुना ढकलत दोघं.

आठवीतली रंजना अशीच आठ दिवस आली नव्हती, दुसऱ्यांच्या वावरात वेचायला जायची. हुशार मुलगी. माझ्या गणितात तिच्याइतकं स्वच्छ डोकं मी दुसरं पाहिलं नाही. बाई तिच्या घरच्या वावरात पोचल्या तर तिथे सीतादही चाललेलं. आपल्याकडे पहिल्या वेचणीआधी बायका कापसाच्या पऱ्हाटीपाशी दगड मांडून पूजा करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. रंजनाच्या आईनं, सुमनबाईनं, सगळ्यांच्या हातावर दहीभात ठेवला. बाईंपाशी आली आणि थबकली.

"तुमाले चालते का, बाई? देवाचं हाय."

लुना धरून पाळकसाहेब उभे. वेचायला आलेल्या बायका बघतायत.

बाईंनी हात पुढे केला. "दे व माय. पण पोरगी मले दे."

तिथेच ठरलं. सकाळी शाळा, दुपारून वावर. रंजनाचा बाप धुऱ्यावर, वावराच्या बांधाशी, उभा होता. तो म्हणाला, "शिकू द्या तिले. माह्यासारखी नोको राहू." मला हे बाईंनी सांगितलेलं. त्या माणसाचं मी ऐकलेलं वाक्य तेवढंच.

दुसऱ्या दिवशी हजेरी. "एस्तेरबाई. दहीभात, रंजनाच्या वावरातला." रंजना उभी राहून म्हणाली, "दहीभात, बाई!" आणि सगळ्या वर्गाकडे बघत खाली बसली.

ही बातमी चर्चमध्ये पोचली. मंडळीतले एक वयस्कर काकाजी तणतणत शाळेत आले. "पाळकीणबाई, तुम्ही नैवेद्य खाल्ला! पाळकाच्या घरात असं?"

बाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काकाजी, सकाळपासून काही खाल्लं का?"

"माझ्या खाण्याचा काय संबंध?"

"जा बरं, घरून माझा चष्मा आणा."

काकाजी संध्याकाळी पाळकसाहेबांच्या अंगणात पान चघळत बसलेले मी स्वतः पाहिले.

*

त्याच मोसमात रंजनाचा बाप गेला. फवारणीचं औषध घरात होतं. पुढचं सांगण्यात अर्थ नाही. त्या वर्षांत आमच्याकडे कोणी पुढचं विचारत नसे.

आम्ही विचारत नव्हतो. बाहेरचे मात्र विचारायला यायचे. गाड्या आल्या, माळा घातलेले पुढारी आले, कॅमेरेवाले आले. त्यातल्या एकानं रंजनाला अंगणात उभं केलं, तोंडासमोर माइक धरला आणि विचारलं, "बेटा, आज घरात काय खाल्लं?"

तेरवी झाल्यावर रंजना शाळेत आली. बाईंना हे माइकचं माहीत नव्हतं. त्यांनी नेहमीसारखी हजेरी घेतली.

"रंजना?"

रंजना उठली. सरळ उभी राहिली. "वरण-भात-पोळी."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी अगदी सहज म्हटलं, "रंजना, जा बेटा, घरून माझा चष्मा आण."

"चष्मा तुमच्या नाकावर हाय, बाई."

त्या दिवशी मी बाहेर उभा होतो, माझ्या तासाची वाट बघत. बाईंचा चेहरा मला दारातून दिसला. कोणी थोबाडीत मारावी तसा झाला होता.

मग सुमनबाईकडून त्यांना माइकचं कळलं. स्टाफरूममध्ये येऊन बाई टेबलावर डोकं ठेवून रडल्या. आम्ही चौघं-पाच जण तिथेच होतो. "तोच प्रश्न मीही विचारला, सर," त्या म्हणत होत्या. "तोच प्रश्न. त्याच्यात अन् माझ्यात काय फरक राह्यला?"

मी म्हणालो, "बाई, फार फरक आहे." ते त्यांना पटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आठवी 'ब'ची हजेरी दोन मिनिटांत व्हायला लागली. "हजर, बाई." "हजर, बाई." माझा तास पूर्ण मिळायचा. खरं सांगतो, मला तो नको झाला होता.

*

आठवड्यानं अंकुशच उठला. "बाई, जुनी हजेरी घ्या ना. असं बरं नाई वाटत." सगळी पोरं हो म्हणाली. रंजना काही बोलली नाही, पण नाहीही म्हणाली नाही.

बाईंनी हजेरी पुन्हा सुरू केली, पण एक बदल केला. आता भुकेलेल्यालाच नाही, सगळ्या वर्गालाच पाळीपाळीनं चष्मा आणायला पाठवायचं. रोज चार पोरं. कोणा एकाला वेगळं काढल्यासारखं वाटायला नको. पाळकसाहेब रोज सकाळी परातभर कणीक मळायला लागले.

रंजनाची पाळी आली. ती गेली. दारात उभी राहिली.

"बस," पाळकसाहेब म्हणाले.

"बाईचा चष्मा द्या."

"देतो. आधी बस."

"मले भूक नाई. चष्मा द्या, तास बुडते."

इतक्या वर्षांत असं कोणी म्हटलं नव्हतं. घरात दुसरा चष्मा तर नव्हताच! मुलगी दारातून हलेना. शेवटी त्यांनी आपल्या डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि तिच्या हातात दिला.

रंजनानं तो वर्गात आणून टेबलावर ठेवला. बाईंनी पाहिला. आपला काढून ठेवला आणि तो घातला. जाड भिंगांचा, कानांवर सैल. त्या धूसर चष्म्यातून बाईंनी घंटा होईपर्यंत शिकवलं, फळ्यावर लिहिलं, ओळी तिरप्या गेल्या तरी पुसल्या नाहीत. आणि तिकडे पाळकसाहेबांनी मिठाऐवजी वरणात साखर घातली. त्या दिवशीच्या पाळीतल्या बाकीच्या तिघांनी ते मुकाट्यानं खाल्लं.

पोरं दुसऱ्या दिवशी हजेरीत म्हणाली, "गोड वरण, बाई."

"रंजना?"

"वरण-भात-पोळी."

*

असं दहावीपर्यंत चाललं. वर्ग बदलले तसे बाईंनी गावंडे सरांकडे हट्ट धरून तोच वर्ग पुढे घेतला. रोज सकाळी, "रंजना?" आणि रोज तेच उत्तर. बाईंनी तिला दुसऱ्या वाटेनं खाऊ घातलं. सुमनबाईला चर्चच्या बालवाडीत काम मिळवून दिलं, तिथला डबा दोघींना पुरायचा. म्हणजे रंजना उपाशी राहिली नाही. पण बाईंना ते पुरत नव्हतं.

"मले तिनं एकदा खरं सांगितलं पाहिजे, सर," त्या म्हणायच्या. "एकदाच. नाही तर मी तिच्यासाठी त्या माइकवाल्यातलीच राहीन."

दहावीचा निकाल लागला. गणितात पहिली! नर्सिंगला नंबर लागला. दाखला न्यायला रंजना आली तेव्हा बाईंनी तो स्वतः तिच्या हातात दिला. दोन्ही हातांनी धरून ठेवला, सोडेनात.

"रंजना?" बाईंनी विचारलं.

रंजना त्यांच्या पाया पडली. उठली तेव्हा डोळे भरलेले. "वरण-भात-पोळी, बाई," म्हणाली आणि गेली.

बाई हसल्या. मग खिडकीशी जाऊन बराच वेळ मैदानाकडे पाहत उभ्या राहिल्या.

*

बाई रिटायर झाल्या. पाळकसाहेबही थकले, पण मंडळीनं घर त्यांच्याकडेच राहू दिलं. मग बाईंना घशाखाली घास उतरेना. यवतमाळला दाखवलं. अन्ननलिकेचा कॅन्सर होता, आणि उशीर झाला होता.

मी बातमी कळताच गेलो नाही, याचं मला वाईट वाटतं. शिक्षकाची कारणं शिक्षकाला बरोबर सापडतात. परीक्षा, पेपर, निकाल. गेलो तेव्हा बायकोनं पाळकसाहेबांसाठी डबा दिला होता. पोळ्या आणि वांग्याची भाजी.

सकाळची वेळ. वॉर्डात ऊन आलेलं. बाई पलंगावर, एवढ्याशा झालेल्या, नाकावर चष्मा तेवढा तोच. शेजारी स्टुलावर पाळकसाहेब. मी डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि तसाच राहू दिला.

"दोन दिवस झाले," शेजारच्या पलंगावरची बाई मला हळूच म्हणाली. "त्या खात नाहीत म्हून हेही खाऊन नाई राह्यले. डॉक्टर म्हणते पातळ द्या, त्या तोंड फिरवतेत."

तेवढ्यात सिस्टर आली. पांढरा ड्रेस, हातात फाइल. मी ओळखलंच नाही. तिनं मला वाकून नमस्कार केला तेव्हा कळलं, रंजना. तिनं ड्यूटी मागून या वॉर्डात घेतली होती.

ती पलंगाच्या पायथ्याशी सरळ उभी राहिली. फाइल उघडली. आणि वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"एस्तेरबाई?"

बाईंनी डोळे उघडले. आधी पाळकसाहेबांकडे पाहिलं, त्यांच्या मांडीवरच्या बंद डब्याकडे पाहिलं. ओठ हलले. आवाज फुटायला वेळ लागला.

"वरण... भात... पोळी."

रंजनानं फाइल मिटली. बाईंनी चादरीवरून एक बोट उचललं आणि तिच्याकडे केलं.

"रंजना?"

रंजना तशीच उभी. माझ्या मनात आलं, आता तेच येणार. मी खाली बघायला लागलो.

"काही नाही, बाई," रंजना म्हणाली. "आज काही नाही खाल्लं."

बाईंचा चेहरा असा उजळला, की व्हरांड्यातून त्या दिवशी पाहिलेला त्यांचा तो थोबाडीत मारल्यासारखा चेहरा माझ्या मनातून पुसला गेला.

"जा बेटा," त्या म्हणाल्या. "पाळकसाहेबांजवळून माझा चष्मा आण."

रंजना पलंगाला वळसा घालून गेली आणि पाळकसाहेबांसमोर जमिनीवर मांडी घालून बसली.

"पाळकसाहेब, बाईंचा चष्मा द्या."

पाळकसाहेबांनी डबा उघडला.